चार मजले, एक नळ आणि करंदीकरांची मोटर

"लेकिन जीतेगा कौन?"

परसूसेठ इतक्या जोरात ओरडले की कटिंग मशीनवरचा बबन हात वर करून तसाच थांबला आणि पॅकिंगच्या बायकांची कुजबूज बंद पडली. आमचा कारखाना उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये. पण त्या दिवशी विठ्ठलवाडीच्या फलाटावर उभ्या असलेल्या माणसांनीही मागे वळून बघितलं असणार, अशी माझी खात्री आहे.

"सगळे जिंकतील, सेठ," मी म्हटलं.

"सब?"

"सब. नाहीतर सगळे हरतील."

"तो फिर कोई खेलेगा क्यों?"

त्यांच्या हातात माझी डमी होती. डमी म्हणजे खेळ छापायच्या आधी आर्टिस्टने हाताने बनवलेला नमुना. पोस्टर कलर, ब्रश, पुठ्ठा आणि माझे कित्येक रविवार त्या डमीत गेले होते. आणि सेठ ती धरून उभे होते ते मेलेली पाल शेपटीला धरून बाहेर नेतात तसे.

मी त्या कारखान्यात आर्टिस्ट होते. ही ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हाची गोष्ट. आम्ही लुडो, सापशिडी आणि व्यापार बनवायचो. मी काढलेले साप जिवंत झाले असते तर ठाणे जिल्ह्यात औषधालाही उंदीर उरला नसता. लुडोचे बोर्ड तर मी एवढे केले की ते एकापुढे एक मांडले असते तर अंबरनाथहून कर्जतपर्यंत पायी जाता आलं असतं, फक्त निघायला आधी सहा पडावा लागला असता. या सगळ्या खेळांचं तंत्र एकच. मी पुढे, तू मागे. माझी सोंगटी घरात, तुझी मेली. शिडी मला, साप तुला. आणि यालाच आपण मुलांची करमणूक म्हणतो.

नव्या खेळाचं खूळ देशमुख बाईंचं. देशमुख बाई अंबरनाथ पश्चिमेच्या एका शाळेत तिसरीला शिकवायच्या आणि माझ्याच बिल्डिंगमध्ये राहायच्या. मुलांना ऑफ तासाला खेळायला म्हणून त्यांनी आमच्याकडूनच लुडो नेला होता. एका शनिवारी तो परत घेऊन आल्या. बोर्डाचे दोन तुकडे झाले होते.

"काय झालं?"

"मंगेश झाला. हरायला लागला की तो बोर्ड उलथतो. आज दोघांनी मिळून त्याच्याकडून तो ओढला. एकीने लाल सोंगटी गालात लपवली होती, ती गिळली. तिची आई सोमवारी मला भेटायला येणार आहे." बाईंनी तुकडे माझ्या टेबलावर ठेवले. "तुम्ही लोक असा एखादा खेळ का काढत नाही, ज्यात मुलं एकमेकांच्या विरुद्ध नसतील?"

"मग कोणाच्या विरुद्ध असतील?"

"ते तुम्ही ठरवा. आर्टिस्ट तुम्ही आहात."

मला राग आला. बाईंचा नाही, माझाच. एवढी वर्षं साप काढले, पण हा प्रश्न कधी पडला नाही. आणि उत्तर तर आमच्या जिन्यात रोज सकाळी हंडे घेऊन उभं असायचं. आमच्याकडे नळाला पाणी यायचं ते पाहुण्यासारखं. कधी येईल सांगता यायचं नाही आणि आलं की लगेच निघायची घाई. तळमजल्याला धो धो, तिसऱ्या मजल्याला नुसती हवा. कोपऱ्यावर चावीवाला सायकल लावायचा आणि लांब लोखंडी चावीने पाइपलाइन बंद करायचा. त्याच्या सायकलची घंटा ऐकली की सगळ्या बिल्डिंगची हंडे घेऊन पळापळ व्हायची. आमच्या मुलांचा एकच शत्रू होता आणि तो सायकलवरून यायचा.

खेळाचं नाव ठेवलं 'पाणी आलं'. बोर्डावर एक बिल्डिंग, चार मजले, प्रत्येक मजल्यावर एक रिकामा ड्रम. चार मुलं, एकेक मजला. ज्याची पाळी त्याने फासा टाकायचा. तळमजल्याला जितके पडतील तितके हंडे पाणी, एक हंडा म्हणजे पुठ्ठ्याची एक चकती. पहिल्या मजल्याला त्यातला एक हंडा कमी, दुसऱ्याला दोन कमी, तिसऱ्याला तीन कमी. म्हणजे तिसऱ्या मजल्यावर तीन पडले तर नळ फुस्स करणार आणि पाणी शून्य. आपले हंडे आपल्या ड्रममध्ये ओतायचे किंवा दुसऱ्या मजल्याला द्यायचे. प्रत्येक फेरीनंतर चावीवाल्याची सायकल एक घर पुढे सरकणार. ती व्हॉल्व्हपाशी पोचायच्या आत चारही ड्रम भरले तर चौघं जिंकले. एक जरी अपुरा राहिला तर चौघं हरले. संपला खेळ.

पहिली ट्रायल देशमुख बाईंच्या वर्गात झाली. ट्रायल म्हणजे डमी खऱ्या मुलांपुढे टाकायची आणि आपण तोंड बंद ठेवून बघायचं. यातला दुसरा भाग मला जड जातो.

तळमजल्यावर बसली केतकी करंदीकर. बापाची लाडकी, वर्गात पहिली, दप्तरावर नाव छापलेलं. तिसऱ्या मजल्यावर मंगेश, बोर्ड उलथणारा. केतकीला पाच पडले, मग सहा पडले, आणि तिने आपला ड्रम काठोकाठ भरून घेतला. मंगेशचा नळ फुस्स, फुस्स करत राहिला. चावीवाला पोचला.

"हरलात," मी म्हटलं.

"माझा तर भरलाय," केतकी म्हणाली.

"मग आता आम्हाला तुझ्या घरी अंघोळीला घे," मंगेश म्हणाला.

मी बोर्डाकडे हात नेला, कारण आता तो उलथणार अशी माझी खात्री होती. त्याने हात उचललाही. पण लुडोत समोर बसलेला वैरी असतो. इथे तिघंही त्याच्याच बाजूने हरली होती. उलथायचं कोणावर? त्याने हात खाली घेतला आणि म्हणाला, "परत."

दुसऱ्यांदा हरली. तिसऱ्यांदाही. पण दरम्यान काहीतरी होत होतं आणि ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. केतकीने पाणी ओतण्याआधी पहिल्यांदाच वर बघितलं आणि विचारलं, "कोणाला हवंय?" लुडो खेळताना हा प्रश्न भरतखंडात आजवर कोणी विचारलेला नाही. दुसऱ्या मजल्यावर एक बुजरी मुलगी होती, वर्षभर वर्गात जिचा आवाज कोणी ऐकला नव्हता. ती म्हणाली, "मला दोनच पुरेत, बाकीचं वर दे." मंगेश सायकलवर नजर ठेवायला लागला. अजून किती घरं उरलीत हे तो ट्रॅफिक पोलिसाच्या रुबाबात सांगायचा. चौथ्यांदा चारही ड्रम भरले आणि तो वर्ग असा काही ओरडला की शेजारच्या वर्गाचे सर खडू घेऊनच धावत आले.

"बघितलंत?" देशमुख बाई मला म्हणाल्या. "लुडो खेळताना ही फाशाकडे बघतात. आता एकमेकांकडे बघतायत."

मुलं देवदूत झाली, असं मी सांगणार नाही. मधल्या सुट्टीत त्याच मंगेशने दुसऱ्याचा डबा पळवला. आणि खेळात एक खोट निघालीच. अशा खेळात जो हुशार असतो तो सगळ्यांच्या वतीने खेळायला लागतो. केतकी तिघांनाही हुकूम सोडायला लागली, हे टाक, ते दे. बुजरी मुलगी पुन्हा गप्प झाली. मग मी तिथल्या तिथे नियम वाढवला. ज्याचा फासा, त्याचा निर्णय. सल्ला हवा असेल तर तो मागेल. न मागता दिला तर सायकल एक घर पुढे. केतकीच्या तोंडाला त्या दिवशी पहिल्यांदा कुलूप लागलं आणि खेळ पुन्हा चौघांचा झाला.

मागायला लाज नाही. द्यायला आधी विचारावं लागतं. ज्याला उशिरा समजतं त्याच्यावर खेकसून भागत नाही, त्याला समजवावं लागतं, कारण तो तुमच्याच बिल्डिंगमध्ये राहतो. हरलो तर 'कोणामुळे' नाही, 'कुठे चुकलं' हे विचारायचं. हे सगळं त्या पोरांनी एका ऑफ तासात, कोणाचंही भाषण न ऐकता उचललं. शाळेत 'सहकार' या विषयावर निबंध असतो. दहा मार्कांना. शेजाऱ्याचं बघून लिहिलं तर शून्य.

हे सगळं मी सेठना सांगितलं. वर सांगितलेली आरडाओरड त्यानंतरची.

सेठ वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त बाजार कळायचा. "देखो बाई," ते आवाज उतरवून म्हणाले, "खेल बच्चा खेलता है, खरीदता बाप है. बाप पूछेगा मेरा बेटा जीता क्या. मैं क्या बोलूं, सोसायटी जीत गई? एक काम करो. छत पे एक कप बना दो. जिसका ड्रम पहले भरा, कप उसका."

"मग तो लुडोच झाला."

"लुडो बिकता है."

"सेठ, शाळेला दाखवू या. शाळेने सगळ्या वर्गांसाठी घेतला तर कप नाही. नाही घेतला तर तुम्ही म्हणाल तसं."

मी का एवढं अडून बसले, तेही सांगते. खेळाचा कागद छापायला प्लेट लागते. प्लेट म्हणजे छपाईचा पातळ पत्रा. ती एकदा बनली की त्यात बदल नाही, जे चित्र चढलं तेच हजारो डब्यांत जाणार. गच्चीवर कप एकदा चढला असता तर माझा खेळ कायमचा मेला असता. सेठनी शनिवारपर्यंत प्लेट थांबवली. बबनला मात्र सांगून ठेवलं की पिवळा रंग आणून ठेव. कप पिवळा असतो.

शनिवारी शाळेत पालक सभा होती. शाळा समितीचे अध्यक्ष होते करंदीकर साहेब, केतकीचे वडील. एका केमिकल कारखान्यात प्रॉडक्शन मॅनेजर. माणूस असा की बोलायला लागला की समोरच्याला आपण रजेचा अर्ज घेऊन उभे आहोत असं वाटावं. ते म्हणाले, "मुलांचं राहू दे. आम्ही स्वतः खेळून बघतो. क्वालिटी चेक."

मी मनात म्हटलं, वा. आठ वर्षांच्या पोरांना जमलं, यांना किती वेळ लागणार.

माझ्या आयुष्यात मी एवढी चुकले नाही.

तळमजल्यावर करंदीकर. पहिल्या मजल्यावर पालेगावचे दत्ताशेठ भोईर, मुलाची फी भरायला आलेले आणि खेळायला बसवले गेलेले. दुसऱ्यावर पिंगळे वहिनी, पालक संघाच्या उत्साही सदस्य. तिसऱ्यासाठी कोणी मिळेना. मागे सेठ उभे होते, खेळ विकायला आलेले. "मैं बैठता हूं," म्हणत ते तिसऱ्या मजल्यावर बसले.

करंदीकरांना सहा पडले. ओतले आपल्या ड्रममध्ये. भोईरांची पाळी आली.

"माझा पास," भोईर म्हणाले.

"पास नसतो, शेठ. फासा टाका."

"मना कनाला हवा नळाचा पानी? माजे घरा बोर हाय."

"बोर्ड पे बोर किधर है?" वरून सेठ.

"नसंल ना. तुमी या माजेकडं, हवा तवढा पानी न्या. टेम्पो पाठवतू." माणूस दिलदार होता. फक्त खेळायला तयार नव्हता.

पिंगळे वहिनींना पाच पडले. दोन वजा, तीन हंडे. त्यांनी ओतले. पुढच्या फेरीत पुन्हा तीन. आणि मग त्यांनी असं काही केलं, जे मी जन्मात विसरणार नाही. त्यांनी ड्रमवरच्या आधीच्या तीन चकत्या उचलल्या आणि बाजूला टाकल्या.

"हे काय केलंत, वहिनी?"

"आधीचं आहे ना ते. शिळं झालं. नवीन आलं की जुनं ओतायचं."

"अहो, ते मागच्या फेरीतलं आहे."

"तेच म्हणतेय मी."

मी सेठकडे बघितलं. सेठ फासा हलवत होते. तीन पडले. फुस्स. पुढच्या वेळी दोन. फुस्स. त्यांचा ड्रम असा कोरडा की त्यात भाजीची जुडी ठेवावी.

तोवर करंदीकरांचा ड्रम भरला होता. पुन्हा चार पडले.

"आता हे कुठे घालू?"

"वर द्या ना साब," सेठ म्हणाले. "इधर सूखा पड़ा है."

"आणि नाही दिलं तर?"

"वाया जाईल," मी म्हटलं.

करंदीकरांनी क्षणभर विचार केला. खरोखरच केला, मी बघत होते. मग म्हणाले, "स्कूटर धुतो."

सायकल पोचली. पाणी गेलं. करंदीकर उठले, शर्ट ओढून नीट केला आणि सेठपुढे हात केला. "जिंकलो."

"हरलात," मी म्हटलं.

"मी हरलो कसा? माझा ड्रम काठोकाठ आहे."

"तिसरा मजला कोरडा आहे."

"तो त्यांचा प्रश्न आहे."

"खेळाचा नियम आहे, साहेब. एक कोरडा, तर सगळे हरले."

"मग नियम चुकीचा आहे. माझ्या मेहनतीचं पाणी आहे ते."

मेहनत. फासा टाकायची मेहनत. मला असं वाटलं की माझ्या डोक्यातून वाफ निघून वर्गातला पंखा आपोआप फिरायला लागेल. तरी मी म्हटलं, पुन्हा खेळू. पहिल्या वेळी मुलंसुद्धा हरली होती.

पुन्हा खेळले. करंदीकर आता सगळ्यांना हुकूम देऊ लागले. भोईर, तुम्ही टाका. पिंगळे, ओतू नका. मी म्हटलं, "न मागता सल्ला दिला की सायकल एक घर पुढे जाते." ते म्हणाले, "मी सल्ला देत नाही, सूचना देतोय." सायकल इतक्यांदा पुढे गेली की चावीवाला बहुतेक मोटारसायकलवरून आला.

आणि मग ते झालं. करंदीकर म्हणाले, "प्रेशर वाढवायला पाहिजे. सरळ उपाय आहे." त्यांनी खिशातून पेन काढलं. सह्या करायचं, निळ्या शाईचं. आणि माझ्या डमीवर, माझ्या पोस्टर कलरच्या बिल्डिंगवर, तळमजल्याच्या नळाला जोडून त्यांनी एक मोटर काढली.

"हे काय आहे?"

"अर्धा हॉर्सपॉवर. थेट लाइनला. घरी तीच लावलीय."

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. नळाच्या लाइनला थेट मोटर लावली की ती सगळ्या गल्लीचं पाणी आपल्या टाकीत ओढून घेते. शेजारचे नळ कोरडे पडतात. याला परवानगी नाही. तेव्हा आमच्याकडे पाणी येताच अर्ध्या बिल्डिंगा भुंग्यासारख्या गुणगुणायला लागायच्या, आणि उरलेल्या अर्ध्या आदल्या दिवशीच्या हंड्याकडे बघत बसायच्या. आणि हा माणूस भर शाळेत, समितीचा अध्यक्ष म्हणून, तिसरीच्या मुलांच्या खेळात ती काढत होता. लपूनछपून नाही. अभिमानाने. गोल गोल रेघा काढून वायरसुद्धा काढली.

"साहेब," मी म्हटलं, "ही चोरी आहे."

"हे इनिशिएटिव्ह आहे, मॅडम. बाहेरच्या जगात असंच असतं. मुलांना तुम्ही काय शिकवताय? आपलं पाणी सोडून द्यायला? उद्या ही मुलं इंटरव्ह्यूला जातील आणि म्हणतील, आधी त्याला नोकरी द्या?"

"इंटरव्ह्यू एका दिवसाचा असतो. बिल्डिंगमध्ये जन्म काढायचा असतो."

"कॉम्पिटिटिव्ह स्पिरिट मरेल पोरांचं. बक्षीस समारंभात मी कोणाला बक्षीस देऊ? चार-चार जणांना स्टेजवर बोलावू? यात पहिला नंबर घाला, शाळा सगळ्या वर्गांना घेईल. बदलापूरच्या आपल्या शाखेलाही."

झालं. सेठना जे हवं होतं, तेच. मी खाली बघितलं. तिकडे कारखान्यात बबनने पिवळा रंग आणलेलाच होता.

सेठ डमी हातात घेऊन त्या निळ्या मोटरकडे बघत होते. ओरडले नाहीत. त्यांचं न ओरडणं मी पहिल्यांदाच ऐकलं.

"साब, मैं रिफ्यूजी कैंप की बराक में पला हूं," ते म्हणाले. "चालीस घर, एक नल. मेरी माँ की बाल्टी भरती थी, तो पहले बाजूवाली को देती थी. आप समझेंगे बड़ी धरमवाली थी. बिलकुल नहीं. बहुत तेज औरत थी. कल बाजूवाली का नंबर पहले आनेवाला था, इसलिए देती थी. चालीस घर ऐसे ही चले. उस लाइन में एक आदमी आपके जैसा होता ना, तो सब मरते, और आप भी मरते, खाली स्कूटर धुली हुई रहती."

भोईर हसले. पिंगळे वहिनी पदराआड हसल्या. करंदीकर हसले नाहीत.

"म्हणजे पहिला नंबर घालणार नाही?"

"नहीं घालेगा."

"मग ऑर्डर नाही."

"मत दो."

आम्ही बाहेर पडलो. रिक्षात बसलो. सेठ म्हणाले, "छोटा माल निकालेंगे. डिब्बे पे चार हंसते हुए बच्चे बनाना. हंसता बच्चा बिकता है." मग थोड्या वेळाने, "और बाई, वो तीसरी मंजिल पे तीन हंडे मत काटो. दो काटो. बहुत सूखा है उधर."

"नियम आहे, सेठ. तिसऱ्याला कमीच येतं."

"मालूम है," ते म्हणाले आणि बाहेर बघत बसले.

खेळ छापला. कप नाही, पहिला नंबर नाही. देशमुख बाईंनी त्यांच्या वर्गासाठी घेतला. शाळेतून एवढंच. दुकानांतून मात्र डबे परत यायला लागले, आणि तक्रार एकच. जिंकणाऱ्याची सोंगटी डब्यात नाही. आत छापील नियम होते, पण नियम वाचायचे असतात हे आमच्या गिऱ्हाइकांना कोणी सांगितलं नव्हतं. एका दुकानदाराने तर कळवलं की एका गिऱ्हाइकाचे दोन मुलगे आहेत, दोघंही जिंकतात आणि घरात भांडणच होत नाही, म्हणजे खेळात काहीतरी कमी आहे. सेठनी पुढचा माल काढला नाही. मला रागावले मात्र नाहीत. पॅकिंगच्या बायका जेवणाच्या सुट्टीत परत आलेल्या डब्यांतला एक उघडून खेळायच्या, आणि सेठ उभे राहून बघायचे.

मी पुन्हा साप काढायला लागले. मी शिकले ते एवढंच, की खेळ करणं सोपं असतं. तो कोणत्या वयाच्या माणसांसाठी आहे हे डब्यावर लिहायचं असतं, आणि आमच्या डब्यावर आम्ही 'वय वर्षे सातच्या पुढे' असं छापलं होतं. 'बारापर्यंत' हे छापायचं राहून गेलं.

दिवाळीच्या सुट्टीत एका सकाळी कारखान्याच्या दारात करंदीकर साहेब उभे. एका हाताला केतकी, दुसऱ्या हातात आमचा डबा. देशमुख बाईंनी तिला सुट्टीपुरता घरी नेऊ दिला होता.

"तुमच्या प्रॉडक्टमध्ये डिफेक्ट आहे," ते म्हणाले. नमस्कार वगैरे काही नाही.

"काय झालं?"

"घरी आम्ही रोज खेळतो. मी, मिसेस, ही आणि माझे वडील. रोज हरतो. एकदाही चारही ड्रम भरत नाहीत. मी कागदावर कॅलक्युलेशन करून आणलंय, हे शक्यच नाही. आणि ही म्हणते शाळेत त्यांचा ग्रुप नेहमी जिंकतो."

"मोटर लावून बघितलीत?"

त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की दुसरा कोणी असता तर त्याची बदली झाली असती. पण घरातला प्रश्न होता, आणि बहुतेक वडीलही काहीतरी बोलले असावेत. त्यांनी आवाज उतरवला आणि पोरीकडे वळले.

"केतकी, या मॅडमना सांग. बोर्ड तोच, फासा तोच, नियम तेच. शाळेत तुम्ही वेगळं काय करता?"

केतकी माझ्या टेबलावरच्या सापांकडे बघत होती. तिने मान वर केली.

"काही नाही, बाबा," ती म्हणाली. "शाळेत तुम्ही नसता."